दोन उधाणांमधलं माहेर

विहिणीची थट्टा केली तर ती रुसते आणि नाही केली तर जास्त रुसते. म्हणून मुलाचं लग्न ठरल्यापासून आमच्या विहीणबाईंची थट्टा करण्यात मी कधी कसूर केली नाही. त्या कोकणातल्या एका खाडीकाठच्या, आम्ही आदिलाबादचे. मुलगा बँकेत. पहिली बदली तिकडे झाली आणि परत येताना त्याने सून आणली. आमच्या गल्लीतले लोक बदलीवरून येताना फार तर कूलर आणतात.

सोयरीक पक्की करायला त्यांच्या गावी गेलो तेव्हा भर दुपार होती. घरामागे हाकेच्या अंतरावर नुसता काळा चिखल पसरलेला, आणि त्यात तिवरांची बुटकी, जाड पानांची झाडं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. समुद्र म्हणजे निळा खडू, एवढं माझं समुद्राचं ज्ञान. मी विचारलं, "इहीणबाई, तुमचा समुद्र कुटं गेला जी?"

"बाहेर गेलाय. सांजच्याला येईल," त्या म्हणाल्या. नवरा कामावर गेलाय म्हणावं, इतकं सहज.

आणि संध्याकाळी तो खरंच आला. लाट नाही, आवाज नाही. तिवरांच्या बुंध्यांमधून पाणी सरकत सरकत आलं आणि बघता बघता सगळा चिखल झाकून गेला. या जागेला ते लोक खाजण म्हणतात. भरतीला पाणी येऊन तिथे बसतं, ओहोटीला उठून जातं. ते गेलं की विहीणबाई लुगडं खोचून त्याच चिखलात उतरायच्या आणि लोखंडी आकडीने बिळातल्या चिंबोऱ्या बाहेर ओढायच्या. चिंबोरी म्हणजे खेकडा. जेवताना आमच्या साहेबांनी चिंबोरीचा पाय दाताने फोडला आणि स्वतःचा शर्ट, चष्मा आणि व्याह्यांची नुकती रंगवलेली भिंत, सगळ्यांना सारखं कालवण वाढलं.

साहेब म्हणजे माझे यजमान. ते तहसील कचेरीत कारकून होते. तिथे त्यांना कोणी साहेब म्हटलं नाही, म्हणून घरात मी म्हणते. माणूस निवृत्त झाला, पण त्याच्या तोंडातली कचेरी अजून नोकरीवरच आहे. मीठ आणायला सांगितलं तर "तामील होईल" म्हणतात आणि पेपर वाचत बसतात.

पुढे मुलाला इकडची बदली मिळाली, आणि काही दिवसांनी सुनेला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही वेगळं बोलायला नको. सातव्या महिन्यात तिला न्यायला माहेरचे येणार होते. त्याऐवजी विहीणबाईंचा फोन आला. सून तपासणीला दवाखान्यात गेली होती, फोन साहेबांनी घेतला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"पोरीला न्यायचं होतं वो," विहीणबाई म्हणाल्या, "पन आता जमंल असं वाटत नाय. घरात पानी आलंय."

"अरे वा! मुबारक हो, इहीणबाई!" साहेब खुर्चीतून उठलेच. आमच्या गल्लीने सार्वजनिक नळावर घागरी आपटत पिढ्या काढल्या आहेत. घरात पाणी येणं याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, नळाची जोडणी मिळणं. "आमच्या घरात बी मागच्या साली आलं. बायांचे हाल गेले पहा. कोन्त्या बाजूनं आलं तुमच्याकडं?"

मग त्या म्हणाल्या, "चारी बाजूंनी."

साहेबांनी फोनवर तळहात ठेवला आणि डोळे मोठे करून मला सांगितलं, "चार नळ!"

विहीणबाई मग म्हणाल्या की बाळंतपणाला मीच तुमच्याकडे येते, चालेल ना? साहेब हो म्हणून मोकळे झाले. मला मात्र राग आला, तो काही मी लपवला नाही. चार नळांचं घर, आणि लेकीला बाळंतपणाला न्यायला जमत नाही म्हणजे काय? शेजारणी विचारायला लागल्या, "काऊन जी, पोरीले माहेर नाही का?" मी सांगायची, "हाये ना. चार नळाचं हाये."

विहीणबाई मुंबईच्या गाडीने आल्या. त्यांच्याआधी त्यांची सुकट घरात आली, म्हणजे तिचा वास. तो वास येताच सुनेच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढलं की मी दिलेला डिंकाचा लाडू कधी एवढा कामाला आला नव्हता. मायलेकी दोन दिवस गुलुगुलु बोलत राहिल्या. मी थट्टेची संधी शोधत होते, ती तिसऱ्या दिवशी तलावावर मिळाली.

आमच्या वस्तीच्या टोकाला एक तलाव आहे. साहेब रोज संध्याकाळी त्याच्या कट्ट्यावर फिरायला जातात आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो स्वतः खोदल्यासारखा दाखवतात. सून घरी आडवी झाली होती, आम्ही तिघंच गेलो. आता त्या तलावात दाखवण्यासारखं फार उरलेलं नाही. निम्म्या भागात बांधकामाचा मलबा येऊन पडला आहे, त्यावर प्लॉटचे दगड रोवलेत, आणि उरलेल्या पाण्यात चार बगळे दाटीवाटीने उभे असतात.

"ही सारी शिकमची जमीन आहे," साहेबांनी हात फिरवला. "शिकम म्हंजे पोट. तलावाचं पोट. पाऊस झाला का इथंवरी पानी भरते. कागदावर पहाल तर अजूनबी इथं पानीच आहे."

विहीणबाईंनी प्लॉटच्या दगडांकडे पाहिलं. "आमचेकडं उलटं हाय," त्या म्हणाल्या. "कागदावर पडीक जमीन. आनि पानी रोज दोनदा येतं."

मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, "येनारच जी. चार चार नळ असल्यावर दोनदा काय, दिवसभर येईल."

"कसलं नळ?"

मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी बगळ्यांकडे पाहिलं. मग मीच फोनची सगळी हकिकत सांगितली, तो मुबारक, तो हाताने झाकलेला फोन. विहीणबाई हसायला लागल्या. हसता हसता कट्ट्यावर बसल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा हसल्या, पुन्हा पुसले. नंतर हसणं थांबलं तरी पुसणं थांबेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट वेगळी आहे.

त्यांच्या घरामागचं खाजण भरून टाकलं होतं. कुणा कंपनीला तिथे माल ठेवायला पटांगण हवं होतं. आधी तिवरं तोडली, मग गाड्यांवर गाड्या मुरूम ओतला. गावाने तक्रार केली तर बघायला आलेला माणूस म्हणाला, पडीक जागा आहे, तुमचं काय बुडतंय? बुडायला लागलं ते नंतर. अमावास्या-पुनवेला भरती मोठी असते, तिला उधाण म्हणतात. उधाणाचं पाणी पूर्वी खाजणात पसरायचं. आता ते थेट घरात शिरत होतं.

"पाव्हना ओसरीवर बसायचा वो," विहीणबाई म्हणाल्या. "ओसरीच काढून टाकली, मंग तो बिचारा घरातच येनार. भाताचं शेत खारं झालं. चिंबोरी तर बघायला नाय. आनि घरात गुडघ्याएवढं पानी. बाळंतिनीची खाट टाकू कुटं?"

"इवाई काऊन नाही आले मग संगं?" साहेबांनी व्याह्यांची चौकशी केली.

"घरात कोनी तरी पायजे ना. उधानाला सगळं सामान वर चढवायला लागतं." मग त्यांनी माझा हात धरला. "पोरीला सांगू नका. पानी अंगनातून मागं जातं, असंच ती समजते. पोटुशी हाय."

साहेब बराच वेळ चपलेने खडे ढकलत राहिले. शेवटी म्हणाले, "मी तुमाले मुबारक म्हनलो हो."

"म्हना की," विहीणबाई म्हणाल्या. "बाकी कोनी तर तेवढं पन बोललं नाय."

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि त्या मुरूम टाकणाऱ्यांचा इतका संताप आला की परत येताना एका प्लॉटच्या दगडाला मी लाथ घातली. अंगठा चांगला आठवडाभर सुजला होता. साहेबांनी चौकशी न करता हळद लावून दिली.

मुलगी झाली. काळी, केसाळ आणि ओरडायला साहेबांवर गेलेली. विहीणबाईंनी शेक-शेगडी, तेलमालीश असं सगळं केलं, आणि आमच्या अंबाडीच्या भाजीत सुकट घालून एक नवाच पदार्थ काढला. तो साहेब आजही मागतात. सगळं सुरळीत चाललं होतं. पण नाव ठेवण्याचा कार्यक्रम झाला त्या दुपारी सुनेने सांगितलं की आता बाळाला घेऊन मी माहेरी जाणार.

"नको," विहीणबाई म्हणाल्या.

"काऊन?" सुनेने विचारलं. एवढ्या दिवसांत ती आमची भाषा नको तिथे वापरायला शिकली आहे.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. तिघांपैकी एकालाही खोटं बोलायची हातोटी नव्हती, म्हणून खरं सांगावं लागलं. सून रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि आईला विचारलं, "भांगाला पण येतं पाणी?"

भांग म्हणजे दोन उधाणांमधले दिवस. अष्टमी-नवमीच्या आसपास भरतीला जोर नसतो.

"भांगाला नाय येत," विहीणबाई म्हणाल्या.

"मग मी भांगाला येते."

आमच्या घरात मुहूर्त म्हणजे रविवार. माझं लग्न, घराचा प्रवेश, मुलाचं लग्न, सगळं बुद्धवंदना घेऊन रविवारी उरकलेलं, कारण त्या दिवशी कुणाला रजा टाकावी लागत नाही. तिथी पाहणाऱ्यांवर साहेबांनी जन्मभर भाषणं दिली. तोच माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून "तुमच्याकडं तिथीवालं कॅलेंडर हाये का?" विचारत होता. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारपणी सुधारला. साहेबांनी ते भिंतीला टांगलं, पेन्सिलीने अमावास्या खोडली, पुनव खोडली, त्यांच्या मागचेपुढचे दिवस खोडले, गाडीत जाणारे दिवसही खोडले. उरलं ते सगळं मिळून चार दिवसांचं माहेर. तेवढ्याची त्यांनी तिकिटं काढली.

विहीणबाई आधीच परत गेल्या होत्या. सुनेला पोचवायला मुलाने रजा टाकली. निघायच्या आदल्या दिवशी पाहते तर सुनेने घरातली सगळ्यात मोठी बॅग पलंगावर काढलेली.

"चार दिवसाचं माहेर," मी म्हटलं, "आन् बॅग अशी का जशी सासरहून पळूनच चालली!"

"रिकामी आहे आई," ती म्हणाली आणि उघडून दाखवली. कोपऱ्यात बाळाची दुपटी, बाकी नुसती जुनी लुगडी, भांड्यांना गुंडाळायला. तिच्या आईने निरोप दिला होता. तांब्याचा हंडा, परात, आजोबांचा फोटो, खारं पाणी लागून खराब होण्याआधी आदिलाबादला नेऊन ठेव. एका वेळी सगळं येणार नाही. दर खेपेला थोडं थोडं आणायचं.

लेक माहेराहून भरल्या बॅगेने परत यावी, ही सगळ्या आयांची हौस. माझी आईही तूरडाळ कोंबून कोंबून द्यायची आणि चेन लागत नाही म्हणून बॅगेवर बसायची. ही बॅगही भरूनच येणार होती. मला रडू आलं, आणि मी रडले.

साहेब दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "अन् सामान सारं आनून झाल्यावर, बेटा?"

"मग आई-बाबाच राहतील आणायचे," सून म्हणाली.