रॅमवरची सही

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. कॉम्प्युटर जुना, त्यात रोज दहा गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह. मशीन फारच रेंगाळायला लागलं, तेव्हा दुरुस्तीवाला बोलावला. हे लोक आतला चांगला माल बदलतात असं ऐकलं होतं, म्हणून तो यायच्या आधीच मी डबा उघडून रॅमच्या पट्टीवर मार्करनं सही करून ठेवली.

तो आला, चपला बाहेर काढून बसला. माझी नजर त्याच्या हातांवरच.

"तीन-तीन अँटिव्हायरस काहून टाकले, भाऊ?"

"एकावर भरोसा नाई आपला."

"मंग तिघंबी एकमेकायवरच पहारा देऊन राहिले. मशीनले काम कराले जागाच नाई. जुन्या मशीनले एक हलकं बस झालं."

दोन त्यानं काढून टाकले. मग मशीन बंद करून रॅमची पट्टी उपसली आणि तिच्या सोनेरी कडेवरचा मळ खोडरबरानं हळूहळू घासून काढला. सहीला मात्र खोडरबर लागू दिलं नाही.

परत बसवण्याआधी पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाला, "पाहून घ्या. तुमचीच हाय."

मला लाज वाटली. तरी मी पाहून घेतली.