मागे गेलेलं बोट

काकूंचं बोट माझ्या कपाळापर्यंत आलं होतं. कुंकवात बुडवलेलं. तिथून ते मागे गेलं.

मग त्यांनी करंडा माझ्यापुढे सरकवला. "तुझं तूच लावून घे गं."

संक्रांतीचं हळदीकुंकू. वाशीतला नवाकोरा फ्लॅट, जिन्यात अजून चुन्याचा वास. काकू म्हणजे आमच्या कॅप्टनची आई. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमच्या आम्ही सगळ्या पोरी सतरंजीवर ओळीनं बसलेल्या. मी शेवटची. मॉरिशसहून शिकायला आलेली, सगळ्यांत उंच, सेंटरला खेळणारी. घरी आजीशी मराठी बोलत वाढले, म्हणून काकूंना माझं भारी कौतुक. परदेशात राहून बघा कशी जपलीय भाषा, म्हणायच्या.

त्या दिवशी कुंकू लावता लावता त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. हे तर नाव झालं, आडनाव कुठाय, म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे असंच असतं. उसाच्या मळ्यावर राबायला जो बोटीतून उतरला, त्याचं नाव लिहून घेतलं आणि तेच पुढं अख्ख्या घराचं आडनाव झालं. मग मी शहाणी खापरपणजोबांची गोष्टच सांगत बसले. गावची मेलेली गुरं ओढायचे. एक दिवस दोर खाली टाकला, म्हणाले, ओढा तुमची तुम्ही. आणि थेट बंदर गाठलं. आमच्या घरी सणाला ही गोष्ट सांगतात. पोरं टाळ्या वाजवतात.

इथे कुणी वाजवल्या नाहीत. मेलेली गुरं म्हटलं की इथे जात कळते, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. कुंकू मी लावून घेतलं. तिळगूळ काकूंनी वरूनच हातात टाकला. माझ्या आत काही हाललं नाही. भूल देऊन दात काढतात तसं. कळतंय, पण दुखत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोर्टावरच्या माठाशी माझा ग्लास वेगळा. कॅप्टननंच आणला. सर्दी पसरते म्हणे. मला कुठं सर्दी होती? बॉल मात्र सगळ्यांचा एकच. मी उडी मारून रिबाऊंड घ्यायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा, ते चालायचं. बॉलला विटाळ नव्हता. कसा असेल, त्याच्याशिवाय मॅच निघत नव्हती ना! मी त्या ग्लासातून पाणी पीत राहिले. बोलणं कमी झालं. भूकही गेली. कुणी हाक मारली की आधी वाटायचं, दुसऱ्याच कुणाला मारली.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. सर आमचे कोच. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणायचे. युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड याच मॅचवर होणार होती. त्या टीमसाठी मी जीव टाकत होते. दुसरं काही मला इथे उरलंच नव्हतं. सर म्हणाले, उद्या संस्थेचे अध्यक्ष येणार, मॉरिशसची म्हणून तुझा सत्कार करणार, घराणं विचारणार. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"मराठा म्हणून सांग. मॉरिशसला कोण जातंय चौकशीला? तुझंच भलं होईल."

तेव्हा कुठं दुखलं. एकदम. खापरपणजोबा समुद्र ओलांडून गेले ते काय यासाठी? मी परत येऊन त्यांना पुसून टाकावं म्हणून?

"सर, गुरं ओढणाऱ्याच्या घरची आहे मी. उद्या अध्यक्षांना हेच सांगणार. चालत असेल तर खेळवा."

 सर म्हणाले, हट्टी आहेस, उद्या बेंचवर बस.

मी बेंचवर बसले नाही. टीमचा शर्ट रात्री धुतला, सकाळी घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले. युनिव्हर्सिटीची टीम गेली. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण आपल्या माणसाला मारून मिळणारी जागा मला नको. विचारणाऱ्याला सांगेन. न विचारणाऱ्यालाही सांगेन. आधी सांगेन, मग बसेन.