धुरपदाबाईनं न सांगितलेली बातमी

आमच्या गावात वर्तमानपत्र दुपारी बारानंतर येतं. तोवर धुरपदाबाईच्या चार गल्ल्या झालेल्या असतात. बाळ-बाळंतिणीला तेल लावणं, शेक देणं हा तिचा धंदा. वय साठीच्या पुढं, हात मऊ आणि तोंड सतत चालू. बाळाला पायावर घेऊन पाणी घालता घालता ती मागच्या घरची हकिकत सांगते आणि इथली पुढच्या घरी पोचवते. ग्रामसेवकाची बदली झाली तेव्हा ती खुद्द ग्रामसेवकाला तिच्याकडून कळली. गावानं तिचं नाव 'बातम्या' ठेवलं होतं आणि त्या नावानं हाक मारली तरी ती ओ द्यायची. तिचा नवरा किशनराव डाव्या कानानं बहिरा आहे. घरात तो नेहमी डावा कान बायकोकडे करून बसतो.

मी पंचायतीत कारकून. गाव पिंगळी स्टेशनपासून सात किलोमीटरवर आहे, एवढंच सांगतो. नाव सांगणार नाही, आणि का ते लगेच कळेल.

गावात परमेश्वर नावाचा डॉक्टर होता. पाटीवर त्याच्या नावापुढं इतकी अक्षरं होती की त्यांचा अर्थ विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. फोन केला की मोटारसायकलवर दारात हजर, खाटेवरच सलाइन लावायचा. पुरुषांत त्याला मोठा मान. सप्त्याच्या पंगतीत त्याचं पान पहिलं. त्याच्याकडे जायचं म्हटलं की बायकांचं डोकं दुखायचं आपोआप थांबतं, हे मात्र आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

ते धुरपदाबाईच्या ध्यानात आलं. एका बाळंतिणीच्या खांद्याला तेल लावताना ती पोरगी दचकून आक्रसली. धुरपदाबाईनं हात थांबवला आणि विचारलं. तपासायच्या नावाखाली, पडदा ओढून डॉक्टरनं जे केलं होतं, ते त्या पोरीनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी दुसऱ्या गल्लीत धुरपदाबाईनं सहज म्हणून डॉक्टरचा विषय काढला, तर तिथली सून भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. दोन महिन्यांत अशा चारजणी झाल्या.

पहिलीनं सांगितलं त्या दिवशी धुरपदाबाई घरी आली आणि गप्प बसली. किशनरावानं थोडी वाट पाहिली, मग सवयीविरुद्ध उजवा कान तिच्याकडे केला. तरी काही ऐकू येईना. जेवण झालं, भांडी झाली, घरात आवाज नाही. सकाळीही तेच. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, असं कधी घडलं नव्हतं. तो घाबरला आणि म्हणाला, "अंगात कणकण हाय का? डॉक्टरला बोलवू का?"

धुरपदाबाईनं हातातली पळी चुलीत टाकली आणि अंगणात जाऊन बसली.

परभणीला मधुवंती नावाची एक तरुण वकील आहे. तिची बहीण पिंगळीला दिलेली, आणि त्या बहिणीच्या दोन्ही बाळंतपणांत धुरपदाबाईनं तेल लावलेलं. त्या ओळखीवर धुरपदाबाई एकटीच परभणीला गेली. चौघींची एकच अट होती: तक्रार करू, पण आमचं नाव कुठं येता कामा नये. मधुवंतीनं तिला सगळं समजावून सांगितलं. अशा खटल्यात बाईचं नाव, गाव, फोटो छापायला कायद्यानं बंदी आहे. साक्ष बंद खोलीत होते, आरोपी आणि बाईच्या मध्ये पडदा लावतात. निकालपत्रात नावाऐवजी नुसतं अक्षर येतं. या चौघी कागदावर अ, ब, क आणि ड होतील.

धुरपदाबाईनं विचार करून सांगितलं, "कायदा शाना हाय, बाई. पण गाव कायद्याचं ऐकत न्हाई. कागदाचं तुमी बघा, गावाचं मी बघते."

पहिली अडचण जबाबाची. पोलिसांची गाडी गल्लीत आली असती तर अक्षरांचा काही उपयोग राहिला नसता. महिला अधिकाऱ्यानं बाईच्या सोयीच्या जागी येऊन जबाब घ्यायची कायद्यात सोय आहे, असं मधुवंती म्हणाली. सोयीची जागा धुरपदाबाईनं ठरवली. एप्रिल महिना होता. तिनं गल्लीत सांगून टाकलं की आपल्या घरी तीन दिवस कुरडया घालायच्यात, ज्यांना यायचं त्यांनी या. वीस-पंचवीस बायका आल्या. त्यांत सेलूकडची एक भाचीही आली. तिचं नाव रेणुका. ही रेणुका म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, साधी साडी नेसून आलेली.

पुढचे तीन दिवस चीक शिजत राहिला, सोऱ्या फिरत राहिला आणि एकेक बाई 'भाचीला जरा घर दाखवते' म्हणून आतल्या खोलीत जात राहिली. खऱ्या चौघी गेल्या आणि संशय नको म्हणून उगाच दहाजणीही गेल्या. त्या दहाजणींना आत नेऊन धुरपदाबाई आपल्या नातवाच्या लग्नाचा अल्बम दाखवायची. बाहेर आल्यावर रेणुकाला कुरडया घालायला बसवलं, तर तिच्या कुरडईला ना आकार ना टोक. शेजारची सरजाबाई, जिला यातलं काही माहीत नव्हतं, ती म्हणाली की या पोरीला सासरी नांदवणं कठीण आहे. रेणुकानं मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

आठ दिवसांनी परमेश्वराला अटक झाली. गाव हादरलं. पण लोकांना त्यानं काय केलं यापेक्षा तक्रार कुणी केली याचीच उत्सुकता जास्त. देवळाच्या पारावर, पिठाच्या गिरणीत, पंचायतीत माझ्या टेबलापुढं एकच चर्चा. डॉक्टरचा धाकटा भाऊ दत्ता हात धुऊन नावांच्या मागे लागला. तो तुरुंगात भावाला भेटून आला आणि पानटपरीवर बोलता बोलता बोलून गेला, "भाऊला विचारलं, कोण असतील. त्यानं अकरा नावं सांगितली."

आपण काय बोललो, हे दत्ताला समजलंच नाही. टपरीवरच्या दोघातिघांना समजलं. त्यांतला एकजण तर कालपर्यंत डॉक्टरच्या जामिनासाठी सह्या गोळा करत होता. त्यानं ती वही तिथंच दुमडली आणि घरी गेला. त्या दिवसापासून आम्ही पुरुष जरा कमी बोलायला लागलो.

दत्ता मात्र ती अकरा नावं घेऊन दारोदार फिरणार, हे धुरपदाबाईला तासाभरात कळलं. ती आपण होऊन त्याच्या वाटेत आली. आवाज खाली आणला, इकडं तिकडं पाहिलं, आणि कुणाला सांगणार नाही अशी त्याच्याकडून गळ्याची शपथ घेतली. मग त्याला सांगितलं की गावातली एकही बाई यात नाही. बाई बाहेरची आहे. देवगाव फाट्याला राहते, उंच आहे, नाव ज्ञानेश्वरी, कपाळावर जुनी खोक, आणि तिचा भाऊ मिलिटरीत आहे.

अशी बाई या जगात नव्हती. धुरपदाबाईनं ती चालता चालता, दोन गल्ल्यांच्या अंतरात तयार केली होती. दत्ता दोन दिवस देवगाव फाट्यावर हॉटेलाहॉटेलात आणि टायरच्या दुकानात कपाळावर खोक असलेली बाई विचारत फिरला. तिसऱ्या दिवशी तिथल्या भाजीवाल्या बायकांनी त्यालाच खाली बसवून विचारलं की तुला परक्या बाईशी एवढं काय काम, आणि पोलिसांना फोन केला. सुटून आला तेव्हा त्याच्या शर्टाची दोन बटणं नव्हती.

मग धुरपदाबाईला सूरच सापडला. एकीला तिनं सांगितलं की तक्रारदार नांदेडच्या अधिकाऱ्याची बायको आहे. दुसरीला सांगितलं की ती मुळात बाईच नाही, सरकारनं वेष बदलून पाठवलेला माणूस आहे. पोखर्णीच्या नरसिंहाला गेली तिथं सांगितलं की तिघी बहिणी आहेत, एकसारख्या दिसणाऱ्या. खऱ्या कुणाचं नाव ओढायचं नाही, हा नेम तिनं कडक पाळला. तिच्या बातमीतली प्रत्येक बाई हवेतली होती. चार महिन्यांत गावात इतक्या बातम्या झाल्या की खरी येऊन उभी राहिली असती तरी तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. लोक कंटाळले आणि कापसाच्या भावावर बोलू लागले.

आरोपपत्राबरोबर नावं डॉक्टरच्या वकिलाकडे गेली, कारण त्याला उलटतपासणी करायची होती. पण ती बाहेर फुटली तर जबाबदार तुम्ही, असं न्यायालयानं बजावलं होतं, आणि वकील सरळ माणूस होता. त्यानं दत्तालाही सांगितली नाहीत, आणि नावं फुटली तर जामीन कायमचा विसर, या धाकानं डॉक्टरनंही नाहीत.

खटला उभा राहायला साडेतीन वर्षं लागली. साक्षीचे दिवस ठरले तसा दत्ता पुन्हा जागा झाला. न्यायालयाच्या फाटकाशी मोबाइल घेऊन उभं राहायचं आणि गावातली जी बाई आत जाईल तिचा फोटो काढायचा, असं त्यानं ठरवलं. हेही धुरपदाबाईला कळलंच.

त्या सकाळी गावच्या एसटीत सतरा बायका चढल्या. परभणीला डोळे तपासायला निघालो, असं त्यांनी कंडक्टरला सांगितलं. बसस्टँडवर उतरल्यावर धुरपदाबाईनं पिशवीतून सतरा सारखे जांभळे स्कार्फ काढले, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तसले सतरा काळे चष्मे. ते तिनं महिनाभर घरोघरच्या म्हाताऱ्यांकडून मागून जमवले होते. काहींची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. दत्तानं फाटकाशी मोबाइल वर केला तेव्हा समोरून सतरा जांभळी डोकी एका ओळीत, हात धरून, ठेचकाळत येत होती. कोण तरुण, कोण म्हातारी, काही समजत नव्हतं. त्यांत दोघी खरोखरच्या मोतीबिंदूवाल्या होत्या. तो कुणाचा फोटो काढावा या विचारात असतानाच मागून रेणुका आली आणि मोबाइल काढून घेतला. या वेळी ती वर्दीत होती.

आतली गोष्ट मला मधुवंतीकडून जेवढी सांगण्यासारखी होती तेवढीच कळली. पहिल्या दोघी नीट बोलल्या. तिसरीचा आवाज पडद्याआडून इतका हळू येत होता की न्यायाधीशांनी पंखा बंद करायला लावला. चौथी चार वर्षांपूर्वीच्या तारखेत अडकली. वकिलानं तारीख चारदा विचारली, तिनं चारदा वेगळी सांगितली. शेवटी ती म्हणाली की त्या दिवशी कॅलेंडर बघायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाईची साक्ष होती. डॉक्टरच्या वकिलाला वाटलं, हा घास सोपा आहे. त्यानं विचारलं की गाव तुम्हाला 'बातम्या' म्हणतं ना. ती हो म्हणाली. दिवसभर याचं त्याला सांगत फिरता ना. तेही खरं. देवगाव फाट्याच्या ज्ञानेश्वरीची गोष्ट खोटी होती ना. तिनं तेही कबूल केलं, आणि खोक कपाळावर डाव्या बाजूला सांगितली होती हेही आठवण म्हणून जोडलं. मग वकिलानं न्यायाधीशांकडे वळून म्हटलं की या बाईला गोष्टी रचायची सवय आहे आणि ही तक्रारही तिनंच रचलेली आहे.

धुरपदाबाईनं पाण्याचा पेला मागितला, प्यायली आणि म्हणाली, "साहेब, माझ्या पोटात काई राहत न्हाई, हे सारं गाव जाणतं. येक हीच गोष्ट चार वर्सं राहिली. खोटी आसती तर कवाच भायर पडली आसती."

मधुवंती सांगते की न्यायाधीशांनी ते वाक्य शब्दाशब्दानं लिहून घ्यायला लावलं.

निकाल अडीच महिन्यांनी लागला. अ, ब आणि क यांच्याबाबत गुन्हा शाबीत झाला. परमेश्वराला दहा वर्षं सक्तमजुरी झाली. ड यांच्याबाबत, तारखेच्या घोळामुळं, तो संशयाचा फायदा मिळून सुटला. त्यानं वर अपील केलं आहे आणि ते चालू आहे. पण सध्या तो आत आहे. त्याची पाटी उतरवली तेव्हा मी पंचनाम्याला होतो. अक्षरं नीट वाचली, त्यांतलं एकही कुठल्या पदवीचं नव्हतं.

त्या संध्याकाळी गावात बायका कुठं जमल्या नाहीत, पेढे वाटले नाहीत. जमल्या असत्या तर कोण जास्त हसतंय ते लोकांनी पाहिलं असतं. धुरपदाबाईनं घरी येऊन किशनरावाला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, फक्त नावं सोडून. तो उजवा कान करून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं की ड कोण. तर ती म्हणाली, "तुमाला दुसरा कान पण बहिरा पायजे का?"

तिला सुखानं झोप येत नव्हती ती त्या ड पायी. तिघींना न्याय मिळाला, चौथी तेवढंच भोगून, तेवढंच बोलून रिकाम्या हातानं परत आली होती. तिच्या घरी जाऊन बसावं, दोन शब्द बोलावेत, असं धुरपदाबाईला वाटे. पण त्या घरात तान्हं मूल नव्हतं. तेल लावायचं निमित्त नसताना ती एकाच घरी रोज जायला लागली असती, तर आठ दिवसांत गावानं अक्षर ओळखलं असतं.

म्हणून तिनं महिनाभर रोज सगळ्याच घरी जायला सुरुवात केली. एकशे चौदा उंबरे. सकाळी सातला निघायची, प्रत्येक घरी तीन-चार मिनिटं बसायची, गुडघ्याला तेल चोळत उठायची. लोकांना वाटलं म्हातारीला चळ लागला. कुठं तिनं पाणी मागितलं, कुठं भांडण लावलं, कुठं नातसुनेची तक्रार केली. एका कुठल्या तरी घरात ती जरा जास्त वेळ बसत असणार. तिथं तिनं गावातल्या खऱ्या-खोट्या साऱ्या बातम्या सांगितल्या. दहा दिवस समोरची बाई नुसती ऐकत राहिली. अकराव्या दिवशी दत्ताच्या बटणांची गोष्ट तिनं पुन्हा सांगायला लावली आणि तोंडाला पदर लावून हसली. एवढं मला धुरपदाबाईनंच सांगितलं, घर सोडून.

आमच्या घरीही ती त्या महिन्यात रोज यायची. माझी बायको तिला चहा करून द्यायची आणि ती किती वेळ बसते ते न बघता मी पंचायतीत निघून जायचो.