अकोल्याची भिंत, युरोपचं गाव

"कशी झाली मंग?" मामांनी विचारलं.

भिंत पांढरीशुभ्र झाली होती. बगळा मागे उभा राहिला असता तर दिसला नसता. मी गळ्यात कॅमेरा अडकवून अकोल्यातल्या एका बंद जिनिंग फॅक्टरीच्या आवारात उभी होते. जिनिंग म्हणजे जिथे कापसातून सरकी वेगळी काढतात. इथली इंग्रजांच्या काळातली विटकी, लाल विटांची भिंत बघायला मी अमरावतीहून पहिली एसटी धरून आले होते. भिंत जागेवर होती. तिचं म्हातारपण तेवढं गायब होतं.

मी शेजारी उभ्या प्रफुल्लकडे बघितलं. मामा त्याचे सख्खे मामा. या आवाराची देखरेख तेच करतात.

"मामा, हे काय करून ठेवलं?" प्रफुल्लचा आवाज बारीक झाला होता.

"काहून? तूच तर सांगतलं, फॉरेनच्या कंपनीसाठी फोटो काढाले येऊन राहिलो म्हनून. भिंतीवर लोकायनं तंबाखूचा खर्रा खाऊन थुकलं होतं. अशी भिंत दाखवाची का फॉरेनले? काल सकाळपासून लागलो होतो मी. आताच वाळली हाये, हात नका लावू."

मी मटकन खाली बसले आणि हसायला लागले. रडण्यासारखंच होतं सगळं, पण आलं हसू.

आता आधीचं सांगते. मी टेक्स्चर आर्टिस्ट आहे. गेममधलं घर आधी नुसतं कोरं खोकं असतं. ते खोकं प्रफुल्ल बनवतो. त्यावर वीट, चुना, गंज, शेवाळ यांची कातडी मी चढवते, तिला म्हणतात टेक्स्चर. लग्नाकार्यात काकवा विचारतात, "म्हणजे पेंटर का?" मी हो म्हणते. वाद घालत बसलं तर पंगत निघून जाते.

या वेळचं काम युद्धाच्या गेमचं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं युरोपातलं एक छोटं गाव. खेळणारा सेनापतीसारखा वरून बघत गल्लीगल्लीतून फौजा हलवतो. त्यातल्या एका गल्लीतली घरं आमची. टेक्स्चरचा पहिला सेट मी नेटवर मिळणाऱ्या तयार विटांच्या फोटोंवरून केला होता. क्लायंटकडच्या आर्ट डायरेक्टर बाईंनी तो परत पाठवला. त्या म्हणाल्या, काम स्वच्छ आहे, पण या घरांत कधी कोणी राहिलंय असं वाटत नाही.

मग पुण्याहून केदार सरांचा फोन आला. सर आमचे हेड.

"सोमवारी नवीन सेट द्या. नाही जमलं तर पुण्याची टीम करेल. मग अमरावतीचं ऑफिस ठेवण्यात पॉइंट नाही, तुम्ही दोघं इकडे शिफ्ट व्हा."

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. पण आमची होती. माझा नवरा चांदूर रेल्वेला शाळेत शिकवतो, मुलगी अमरावतीत शिकते. प्रफुल्लची आई नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कामाला जाते आणि घरात त्याच्याशिवाय तिला बघणारं कोणी नाही. शिफ्ट व्हा म्हणजे सरळ भाषेत नोकरी सोडा. तेव्हा प्रफुल्लला मामांची भिंत आठवली, आणि त्यानं भाच्याच्या उत्साहात मामांना फोन केला. बाकी सगळं मामांनी केलं.

हसणं आवरल्यावर मी भडकले. मामांना म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं रंगवायला?"

मामांचा चेहरा उतरला. "पाहुने येतीन तं घर झाडाचं का नाई, ताई? तुमच्या अमरावतीत नसन झाडत."

झाडतात की. माझ्या सासूबाई गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसासाठीसुद्धा ओटा पुसतात.

आम्ही दुसरी भिंत शोधली. पूर्वेकडची विटांचीच होती, पण तिच्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. ऊन चालत नाही. फोटोत सावल्या आल्या की त्या टेक्स्चरमध्ये कायमच्या बसतात. मग गेममधला सूर्य डावीकडे आणि विटांच्या सावल्याही डावीकडेच, असा वेडेपणा दिसतो. मागच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. समोर टिनपत्रे. चालेल अशी भिंत एकच, पश्चिमेची, दुपारपर्यंत सावलीत राहणारी. आणि ती नवरीसारखी सजून बसली होती.

मी सरांना फोन लावला.

"सर, भिंत पांढरी झाली."

"म्हणजे?"

"मामांनी चुना मारला."

"कोणाच्या मामांनी?"

"प्रफुल्लच्या."

मग सर म्हणाले, "सोमवार," आणि फोन ठेवला.

प्रफुल्ल भिंतीला टेकून उभा राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा काळा शर्ट पाठीमागून पांढरा झाला होता. मी त्याची पाठ बघितली, मग भिंत बघितली. तो टेकला होता तिथे वीट लाल दिसत होती.

"मामा, चुन्यात डिंक टाकला होता का?" मी विचारलं. चुना भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात डिंक घालतात, एवढं दिवाळीच्या रंगकामामुळे मलाही माहीत होतं.

मामा इकडेतिकडे बघायला लागले. "डिंक राहूनच गेला, बाप्पा. घाई झाली. पन कोनाले सांगू नका."

मला मामांच्या पाया पडावंसं वाटलं.

"मामा, भिंत धुवायची."

"धुवाची? काल रंगवली अन् आज धुवाची? लोक मले येडा म्हनतीन."

"मामा, नाही धुतली तर मले पुण्याले जा लागते," प्रफुल्ल म्हणाला. "मायले कोन पाहीन?"

मामांनी भाच्याकडे एकदा बघितलं. मग त्यांनी बोअरची मोटर चालू केली आणि पाइप त्याच्या हातात दिला.

त्यानंतर जे झालं त्याला काम म्हणणं अवघड आहे. प्रफुल्ल पाइपनं पाणी मारतोय, मी खराट्यानं घासतेय, मामा "वरून घे, वरून घे, कोपरा राहिला" म्हणून मागून ओरडतायत. पांढऱ्या पाण्याचे ओघळ आमच्या चपलांतून वाहतायत. मामांना राहवेना. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझ्या हातातला खराटा ओढून घेतला आणि कालच्यापेक्षा दुप्पट जोरानं स्वतःचंच काम पुसायला लागले. प्रफुल्लनं एकदा पाइप फिरवला तो थेट मामांवर. मामांनी खराटा झटकला तो थेट माझ्यावर. मी दोन मिनिटं विसरूनच गेले की माझी नोकरी टांगणीला लागलीय. इतकं मी शाळेतल्या रंगपंचमीनंतर हसले नव्हते.

आणि मग मी थांबले. पाण्याच्या ओघळाखाली भिंत बदलत होती. विटांच्या तोंडावरचा चुना निघून गेला होता, पण सांध्यांत आणि विटांच्या बारीक खड्ड्यांत तो धरून राहिला होता. खाली दाट, वर विरळ. कुठे नुसती लाली, कुठे पांढरा धुरकट पट्टा. क्लायंटनं पाठवलेल्या जुन्या गावांच्या फोटोंत अगदी अशाच भिंती होत्या. वर्षानुवर्षं कोणीतरी चुना मारलेल्या, पावसानं धुतलेल्या, पुन्हा चुना मारलेल्या. माझ्या पहिल्या सेटच्या विटांना कोणी कधी हातच लावला नव्हता. बाई तेच तर सांगत होत्या.

"थांबा," मी म्हटलं. "आता एक थेंबही नको."

"अर्धंच ठेवाचं?" मामा हादरले. "हे तं रंगवलेल्याहून वाईट दिसून राहिलं."

"मामा, तुमच्या पाया पडते. असंच राहू द्या."

आता प्रश्न वाळण्याचा होता. ओली वीट काळपट दिसते आणि चमकते, तिचा फोटो कामाचा नाही. ऊन भिंतीवर यायच्या आत ती वाळायला हवी होती. पण मार्च संपत आलेला आणि गाव अकोला. एरवी मी या उन्हाला शिव्या घालते. त्या दिवशी कोरडी गरम हवा आवारातून वाहत होती आणि भिंत डोळ्यांदेखत पापडासारखी वाळत होती. मामांनी आतून चहा आणला. कप कठड्यावर ठेवून आम्ही तिघं भिंतीकडे बघत बसलो, टीव्हीवर मॅच बघतात तसे.

मग मी सुरू केलं. कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर, एक पाऊल सरकायचं, एक फोटो. पुन्हा पाऊल, पुन्हा फोटो. नंतर हे सगळे तुकडे कम्प्युटरवर जोडून एक मोठा चौकोन करायचा असतो, आणि तो असा की शेजारी शेजारी ठेवला तर जोड दिसू नये. शेवटची ओळ काढत होते तेव्हा भिंतीच्या वरच्या कडेला ऊन लागलं. त्याखालचं सगळं माझ्या कार्डात आलं होतं.

दुसरा दिवस, रविवार, कम्प्युटरपुढे गेला. प्रत्येक घराची तीन रूपं लागतात: धड, तडकलेलं, पडलेलं. खर्र्याचे डाग पाण्यानं पुन्हा वर आले होते, ते मी एकेक करून पुसले.

सोमवारी सेट गेला. मंगळवारी व्हिडिओ कॉल लागला. बाईंनी स्क्रीनवर आमची गल्ली उघडली, कॅमेरा एका भिंतीजवळ नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. प्रफुल्ल टेबलाखाली बोटं मोडत होता.

"इथे लोक राहिलेत," बाई म्हणाल्या. "हे कुठलं गाव शूट केलंत?"

"अकोला," केदार सर म्हणाले.

"पोलंडच्या बाजूला का?"

"जरा आणखी पूर्वेला," सर शांतपणे म्हणाले. मी माइक बंद केला आणि तोंडात ओढणी कोंबली.

बाईंनी विचारलं, ही झीज कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केली? मी खरं ते सांगितलं. आधी पाहुण्यांसाठी भिंत रंगवतात, मग धुतात. बाई खूप हसल्या. त्यांना वाटलं मी सिक्रेट सांगत नाहीये. सेट पास झाला, आणि वर आख्ख्या गावाचं काम आलं. कॉल संपल्यावर सरांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं.

"अमरावतीचं ऑफिस राहील," ते म्हणाले. "गावातली सगळी घरं तुम्हीच करा. अजून भिंती लागतील."

मी नवऱ्याला फोन केला आणि मला बोलताच येईना. त्याला वाटलं नोकरी गेली. तो म्हणाला, "जाऊ दे, घरी ये." मग मी त्याच्या कानात इतक्या जोरात ओरडले की खाली झेरॉक्सवाल्यानं मान वर करून बघितलं.

मामांना आम्ही गेममधलं चित्र दाखवलं. त्यांनी भिंत ओळखली, खूश झाले. मग पडलेलं रूप बघितलं.

"हे कोनं पाडली?"

"मामा, युद्ध आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"मंग पुन्हा उभी कोन करीन?"

प्रफुल्लनं धड भिंतीचं चित्र पुन्हा मामांपुढे धरलं.

शिकताना मला सांगितलं होतं की भिंत ऊन, वारा आणि पाऊस यांनी जुनी होते. त्यात माणसं धरली नव्हती. आता नव्या भिंतीवर जायच्या आधी आम्ही मुद्दाम निरोप धाडतो, फॉरेनचे पाहुणे येऊन राहिलेत. चुन्याचं काही सांगावं लागत नाही.