एक घंटी म्हणजे ‘शे’

आमच्या घरात फोनची घंटी वाजली की कोणी उठत नाही. वाजू द्यायची, मोजायची, आणि हातातलं काम पुढे चालू. नवीन आलेल्या पाहुण्याला हे फार विचित्र दिसतं. तो बिचारा आपणच उठून फोनकडे जायला लागतो, तर आम्ही दोघं एकदम ओरडतो, “उचलू नका.”

त्याचं असं आहे. माझी मोठी बहीण, अक्का, दोंडाईच्याला राहते. दाजी गेल्यापासून एकटीच. मी जळगावला, मेहरूण तलावाच्या अंगाला. कितीदा म्हटलं, ये इकडे. तर म्हणते, “तुझ्या गच्चीवर माझ्या मिरच्या मावतील का?” म्हणजे येणार नाही. मग आम्ही दोघींनी एक ठरवून घेतलं. सकाळचा चहा झाला की तिने आमच्या घरच्या फोनवर एक घंटी द्यायची आणि ठेवून द्यायचा. एक घंटी म्हणजे ‘शे’. आमच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. मी शे, उठून बसले शे, चहा पिऊन झाला शे, सगळं त्या एका घंटीत आलं. दोन घंट्या आल्या तर त्याचा अर्थ, मला फोन कर. उचलायचा मात्र नाही. एकदा चुकून उचलला तर अक्का म्हणाली, “बोलाले काही नही, तर कसाले उचलस?”

भाच्याने तिला मोबाइल घेऊन दिला होता. पण जन्मभर मिरच्यांचे देठ खुडून तिची बोटं अशी झालीत की त्या काचेला कळतच नाही बोट लागलं ते. ती म्हणे, तो मला ओळखत नाही तर मी त्याला कशाला ओळखू. घंटी द्यायची ती तिच्या जुन्या घरच्या फोनवरूनच. तिला एकच नंबर पाठ, आमच्या घरचा, आणि तोही आकड्यांनी नाही, बोटाच्या वळणाने पाठ.

तर आमचा जुना फोन बिघडला. आत मुंग्यांनी घर केलं होतं. पुण्याच्या लेकीला कळलं तशी तिने एक खोका पाठवून दिला. उघडला तर आत पावाच्या लादीएवढी एक वस्तू. पुढे काच, काचेत लाल आकडे, एका अंगाला जाळी, आणि कुशीला फोनचा रिसीव्हर निजवलेला. लेक मोबाइलवर दिसत होती, म्हणाली, “आई, घड्याळ, रेडिओ आणि फोन, तिन्ही एकातच. पसारा नको.”

मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पसारा असला तर कोणता डबा कशाचा ते तरी कळतं. एकाच डब्यात हळद, तिखट, मीठ भरलं तर पसारा कमी होतो, पण भाजीचं काय?

पण आमच्या यांना भारी हौस. हे बस डेपोत कंट्रोलर होते. कोणती गाडी किती वाजता सुटली, ते यांच्या वहीत. त्यामुळे घरात घड्याळ लावायचा अधिकार यांचा. दोन वायरी निघाल्या, एक भिंतीतल्या फोनच्या भोकात जाणारी आणि एक लाइटच्या. मी विचारलं, “फोनला लाइट कशाला? आधीचा तर काही खात नव्हता.”

“हा घड्याळ पण आहे.”

“मग घड्याळाला फोनची वायर कशाला?”

यांनी चष्मा पुसला आणि सोबतचं पुस्तक काढलं. त्यात इंग्रजी, आणि बाकीचं तर काय होतं देव जाणे. मी शिकले चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर झालं, पण निदान अक्षर आहे हे तरी कळायचं. यात घरं, झाडं काढल्यासारखी अक्षरं होती.

वेळ लावायची रीत अशी की एक बटण एका हाताने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने दुसरं टिचकत राहायचं. यांचा हात थांबेपर्यंत आकडा पुढे निघून जायचा. पाच गेले, सात आले, की पुन्हा सगळी प्रदक्षिणा. मी म्हटलं, “डेपोतल्या गाड्या अशाच सुटायच्या का हो?” यावर हे म्हणाले, “तू चहा ठेव.” चहा झाला तेव्हा घड्याळ लागलं होतं. यांची थायरॉइडची गोळी सकाळी सहाला उपाशीपोटी असते, म्हणून रोज सहाला रेडिओ आपोआप लागेल असंही करून ठेवलं. सेल घालायची एक खोली खाली होती, ती रिकामीच राहिली. सेल कशाला, लाइट आहे ना, असं आम्हीच म्हटलं.

पहिल्या सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. सहाला पाच कमी असताना एक घंटी वाजली. मी मनात म्हटलं, शे. आणि सहाच्या ठोक्याला परत एक घंटी, मग रेडिओ सुरू, त्यात अभंग. माझ्या हातातली साखर सांडली. दोन घंट्या झाल्या ना. दोन म्हणजे फोन कर. मी मोबाइलवरून अक्काला लावला.

“काय व्हयनं?” अक्का.

“तू दोन दिल्यास ना?”

“एक दिधी.”

“नवीन मशीनवर मी दोन ऐकल्या.”

“मग कान दाखाड कोनले तरी,” म्हणाली आणि ठेवून दिला. दाखाड म्हणजे दाखव.

दुपारी लेकीला सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, ते मशीन रेडिओ लावायच्या आधी आपली एक घंटी देतं, माणूस जागा व्हावा म्हणून. “आबा, घंटीचं चित्र असेल बघा, तिथलं बटण बंद करा. मग नुसता रेडिओ लागेल.”

यांनी मशीन उलटं केलं, पोटाशी घंटीचं चित्र सापडलं, तिथलं बटण नखाने सरकवलं. झालं.

दुसऱ्या सकाळी एकच घंटी आली, आणि पाठोपाठ रेडिओ. दोघांना बरं वाटलं. मशीनची गेली, अक्काची राहिली. फक्त अक्काची घंटी नेहमी सहाला पाच कमी, कधी सात कमी, अशी मागेपुढे यायची, ती आता बरोबर सहाला यायला लागली. रोज. मिनिटाचाही फरक नाही. हे तर खूश झाले. “इतक्या वर्षांनी अक्का टायमावर आल्या,” म्हणाले. मीही म्हटलं, घड्याळ बघत असेल आता, वयाने माणूस शिस्तीला लागतं. आम्हाला शंका कशी आली नाही, हे मला अजून उलगडत नाही. सत्तर वर्षांत जी बाई कधी घड्याळ बघून उठली नाही, ती एका रात्रीत कशी बदलेल? पण घंटी येत होती ना. घंटी म्हणजे शे. मी आधणात पत्ती टाकायचे आणि दिवसाला लागायचे.

असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी दुरुस्तीसाठी पहाटेच लाइट गेली. सहाला घंटी नाही, रेडिओ नाही, काच काळी. मी मोबाइल हातात घेतला, पण हे म्हणाले, “लाइटच नाही तर मशीन वाजेल कसं?” तेही खरंच वाटलं. आठला लाइट आली. काचेत बारा वाजलेले, आणि ते बारा आपले डोळे मिचकावल्यासारखे लुकलुकत होते. यांनी म्हटलं, संध्याकाळी लावू.

दुपारी जेवण करून हे पडले होते. मी डाळ निवडत बसले होते. भिंतीवरच्या जुन्या घड्याळात दोन वाजले, आणि मशीनने एक घंटी दिली.

एवढ्या दुपारी अक्का? ती या वेळेला कधीच देत नाही. मी मनात शे म्हणायला गेले, तेवढ्यात रेडिओ लागला, आणि एक माणूस कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल सांगायला लागला. मी ताट घेऊनच मशीनपुढे जाऊन उभी राहिले. काचेत लाल आकडे होते, सहा. भिंतीवर दोन, काचेत सहा. मला काहीच समजेना. यांना उठवलं.

“अहो, याच्यात सहा वाजले आणि घंटी आली.”

“आठला बारा दाखवत होतं. तेव्हापासून सहा तास.” हे डोळे चोळत हिशेब करत होते. “बरोबरच आहे मग.”

“ते बरोबर आहे. पण अक्काला कसं कळलं याच्यात सहा वाजलेत ते?”

हे उठून बसले. मग यांनी मशीन उचललं, वर, खाली, बाजूला फिरवून पाहिलं. जाळीच्या कडेला, बारीक, अजून एक घंटीचं चित्र होतं.

“दोन आहेत,” हे हळूच म्हणाले. “घंट्या दोन आहेत.”

मी मोबाइलवरून आमच्याच घरच्या फोनला लावला. माझ्या कानात टुंग, टुंग, घंटी जातेय. समोर मशीन गप्प. बोंडअळीवाला तेवढा बोलतोय. तेव्हा कळलं. यांनी बंद केली ती फोनची घंटी, आणि चालू राहिली ती मशीनची. सहा दिवस मी ज्याला शे समजत होते, ते दोंडाईच्याहून आलेलंच नव्हतं.

मग अक्का?

लावला. वाजतोय, उचलत नाही. परत लावला. पाच वेळा लावला. शेजाऱ्यांचा नंबर तिने कधी दिला नव्हता, लोकांना कशाला त्रास म्हणून. यांनी पोटाशी असलेलं बटण सरकवून जागेवर आणलं. तासाभरात आम्ही गाडीत होतो. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, मी प्रत्येक स्टेशनावर तोच विचार करत होते, कोणत्या दिवसाची घंटी खरी असेल. पहिल्या दिवशीची तर खरी. त्यानंतरचं काहीच माझ्या हातात नव्हतं.

दिवेलागणीला पोचलो. अक्काचं दार उघडं. पाऊल आत टाकायचा धीर होईना. उंबऱ्यावर माझी चप्पल वाजली असेल, आतून आवाज आला, “कोन शे?”

मी तिथेच, उंबऱ्यावर बसले.

अक्का खाटेवर होती. एक पाय उशीवर, घोट्याला हळदीचा लेप, आणि मांडीवर सुपात मिरच्या. देठ खुडणं चालू. यांना बघून डोक्यावर पदर घेतला, आणि मला म्हणाली, “आते उनी का तू?”

म्हणजे, आत्ता आलीस होय, असं. पाय मुरगळून तिला चार दिवस झाले होते. शेजारची बाई भाकरी आणून देत होती. पाय मुरगळला त्याच सकाळी तिने मला दोन घंट्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. मी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशीपासून ती परत एकच द्यायला लागली.

“एक का?” मी विचारलं.

“दोन कोनी ऐकस नही, तर एक तरी.” आणि मिरची सुपात टाकून म्हणाली, “म्हटलं, बहीण मोठ्या मशीनवाली झाली. आपली घंटी तिला आता बारकी लागत असेल.”

“आणि आज दुपारी का नाही उचललास? पाच वेळा लावला.”

अक्काने दुसऱ्या खोलीकडे मान उडवली. “फोन तठे शे, मन्हा पाय आठे शे.”

“मग सकाळी घंटी कशी द्यायचीस?”

“भिंत धरी धरी जास, घंटी देस, नि भिंत धरी धरी येस.” हे ती असं म्हणाली, जसं कोणी अंगणात तुळशीला पाणी घालायला जातं. मी भिंतीकडे पाहिलं. चुन्याच्या भिंतीवर, खाटेपासून फोनच्या खोलीपर्यंत, हाताच्या उंचीवर, मिरचीच्या बोटांचे लालसर डाग एकापुढे एक गेले होते. ते डाग बघून हे बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

हे दुसऱ्या दिवशी परतले, मी आठ दिवस राहिले. सगळं समजावून सांगितलं, दोन घंट्यांची चित्रं, पोटाशी एक, कडेला एक. अक्का म्हणाली, बठ्ठं समजलं, म्हणजे सगळं. मला तिच्या तोंडावरून वाटलं नाही.

परत आले तोवर यांनी कडेची घंटी बंद केली होती, पोटाशी असलेली चालू, आणि सेलही घातले होते. सकाळी मी आधण ठेवलं आणि उभी राहिले. सहाला पाच कमी झाले. काही नाही. सहा झाले, रेडिओ लागला, घंटीशिवाय. काही नाही. चहा उतू गेला, मी गॅस बंद करायला वळले, आणि घंटी वाजली. मी डोळे मिटले. शे.

आणि दुसरी वाजली.

दोन. मोबाइलवर तिचा नंबर लावायला दोनदा चुकले.

“काय झालं अक्का? पाय दुखतो का?”

“काही नही व्हयनं. पाय चांगला शे.”

“मग दोन का दिल्यास?”

“एक दिली असती तर तुला वाटलं असतं, मशीनची शे का मन्ही शे. म्हणून दोन.”

“अगं, पण दोन म्हणजे फोन कर.”

“मग केला ना तू.”

मागून हे म्हणाले, विचार, खरंच फोन करायचा असेल तेव्हा काय. मी विचारलं.

“तीन,” अक्का म्हणाली, आणि ठेवून दिला.