खोक्यातले ताक आणि काकूंचा गोडलिंब

झाड वाचले, हे मी आधीच सांगून टाकते. ऐंशीच्या दशकातल्या त्या हिवाळ्यात मी, हे आणि सासूबाई असे आम्ही तिघे जेवढे धास्तावलो होतो, तेवढे वाचणाऱ्याने धास्तावण्याचे कारण नाही.

पिस्कॅटवेला आमच्या मागच्या रस्त्यावर नागपूरच्या एक काकू राहत. त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, फ्लोरिडातल्या एका स्नेह्याकडून कढीपत्त्याचे, काकूंच्या भाषेत गोडलिंबाचे, बोटभर रोप आणून ते कुंडीत कमरेइतके वाढवले होते. ताजा कढीपत्ता पैसे टाकूनही सहज मिळत नसे असा तो काळ. सणासुदीला काका मोजून एकेक डहाळी ओळखीच्या घरी पोहोचवत. झाडाला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नसे. त्या उन्हाळ्यात काका अचानक गेले. थंडी पडू लागली तशा काकू नागपूरला बहिणीकडे राहायला निघाल्या आणि कुंडी आमच्याकडे घेऊन आल्या. वाटेत गारठा लागू नये म्हणून त्यांनी ती काकांच्या जुन्या ओव्हरकोटात गुंडाळली होती.

"ह्यांच्या हातचं एवढंच जिवंत राहिलंय बघ," त्या मला म्हणाल्या. "फार लाड करू नको. पण मारूही नको."

मी हसले. लग्नापूर्वी पुण्याच्या एका मुलींच्या शाळेत मी आठवी-नववीला शास्त्र शिकवत असे. एक कुंडी सांभाळणे मला अवघड वाटले नाही.

थंडी वाढली तशी पाने पिवळी पडू लागली. पिवळेपणाचेही प्रकार असतात. जुनी, खालची पाने पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी पडलेले असते. आमच्या झाडाची कोवळी, वरची पाने पिवळी होती आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाच्या अभावाचे लक्षण. परंतु मातीत लोह नाही असा त्याचा अर्थ नव्हे. शाळेच्या पुस्तकात आम्ही ज्याला सामू म्हणत असू आणि इथे सगळे पीएच म्हणतात, तो वाढला, म्हणजे माती अल्कधर्मी झाली, की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. ताट वाढलेले असावे आणि हात बांधलेले असावेत, तशी ती अवस्था असते. नळाचे पाणी जड होते. किटलीत पांढरा थर बसे. तेच पाणी झाडालाही जात होते.

अनुमान तपासून पाहायला हवे होते. विद्यापीठाजवळच्या एका तळघरात घरात झाडे वाढवणाऱ्यांसाठी एक दुकान होते: ट्यूबलाइट, द्रवखते, पीएच तपासायच्या बाटल्या. गिऱ्हाईक बहुतेक विद्यार्थी. ते घरात कोणते झाड वाढवतात हे सगळ्या गावाला माहीत होते, आणि ते झाड कायद्याने वाढवता येत नव्हते.

"तू त्या दुकानात जाणार?" ह्यांनी विचारले. "गांजावाल्यांच्या? आपलं ग्रीन कार्ड अजून पेंडिंग आहे, लक्षात आहे ना?"

"कढीपत्त्याला कार्ड लागत नाही."

"पोलिसाला काय कळतंय कढीपत्ता!"

शेवटी हे मला घेऊन आले, परंतु गाडी पुढच्या चौकात उभी केली आणि इंजिन चालूच ठेवले. मी साडीवर कोट, डोक्याला मफलर अशी जिना उतरले. दाढीवाल्या तरुण मालकाने मला पाहून विचारले, "टोमॅटोज, मॅम?" तिथे येणारा प्रत्येक जण टोमॅटोच लावतो असे सांगत असावा.

"नाही. कढीपत्ता."

"ऑफ कोर्स," तो म्हणाला आणि डोळा मिचकावला.

मी पर्समधून एक पान काढून त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते चुरडले, हुंगले, पुन्हा हुंगले, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळले. "हे खरंच काहीतरी वेगळं आहे," तो जरा निराश होऊन म्हणाला. त्यानंतर मात्र त्याने मला नीट समजावले. कुंडीतून खाली ताटलीत झिरपलेले पाणी नळीत घ्यायचे, त्यात थेंब टाकायचे: निळा रंग आला तर अल्कधर्मी, हिरवा आला तर उदासीन, पिवळसर आला तर किंचित आम्ल. आणि थंडीत झाड झोपलेले असते, तेव्हा त्याला खत भरवायचे नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी झाडे मारतात ती उपाशी ठेवून नव्हे, भरवून मारतात, असेही तो म्हणाला.

घरी येऊन तपासले. निळाशार रंग.

"त्यात काय तपासायचं?" सासूबाई म्हणाल्या. "कढीलिंबाला आंबट ताक घालायचं असतं. आमच्याकडे ताकाचं भांडं विसळलं की ते पाणी परसात कढीलिंबाच्या बुंध्याशी. कधी पिवळा पडला नाही तो."

माझ्या मनात पुस्तकाचे पान उघडले. ताकातले आम्ल सामू खाली आणते. पिढ्यान् पिढ्या चाललेली ही रीत रसायनशास्त्राला धरूनच होती. मी त्यांना तसे सांगितल्यावर त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "ऐकलंस? तुझी बायको म्हणते मी सायंटिस्ट आहे."

अडचण एकच होती. त्या थंड घरात दही धड लागत नसे. मग ह्यांनी सुपरमार्केटमधून बटरमिल्कचे खोके आणले. सासूबाईंनी त्याच्याकडे संशयाने पाहिले. "खोक्यातलं ताक मी तोंडाला लावणार नाही," त्या म्हणाल्या. "झाडाला चालेल."

पातळ केलेले ते ताक कुंडीत जाऊ लागले. काही आठवड्यांत नळीतला रंग निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळसर झाला. शेंड्याची पानेही हिरवी होऊ लागली. मी समाधानाने बाटली कपाटात ठेवली.

आणि मग पानांच्या कडा जळू लागल्या. आधी टोके तपकिरी, मग कडेची किनार, मग आख्खे पान कुरकुरीत होऊन गळे. रोज सकाळी खिडकीखाली पाने पडलेली असत. मी पुन्हा पुन्हा तपासले. सामू अगदी हवा तिथे होता. सासूबाई म्हणाल्या हीटरची झळ लागते, कुंडी हलवली. हे म्हणाले पाणी कमी पडते; ताक आणि पाणी दोन्ही वाढवले. खालचा अर्धा भाग उघडा पडला. त्याच सुमारास काकूंचे पत्र आले, त्यात शेवटी एकच प्रश्न: "झाड कसे आहे?" उत्तर लिहायला मी घेतले की दुसरे काहीतरी काम आठवे.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. एका रविवारी ह्यांना कढी हवी होती. दही पुन्हा लागले नव्हते. बरीच कुरकुर करून सासूबाईंनी ते खोके उघडले, झाडावरून गळायच्या बेतात असलेली चार पाने फोडणीत टाकली आणि कढी केली. ह्यांनी पहिला भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"आई, मीठ दोनदा पडलंय."

"तुझी जीभ बिघडलीय पिझ्झे खाऊन. आयुष्यभर कढी करतेय मी."

"अगं, खारट ढाण आहे! चाखून बघ."

त्यांनी चाखली. चेहरा आक्रसला. "मी एकदाच घातलंय," त्या ठामपणे म्हणाल्या, आणि माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. मग दुसरे मीठ आले कुठून? मी उठून खोक्यातले ताक पेल्यात ओतले आणि एक घोट घेतला. खारट. खोके फिरवून बारीक अक्षरांतली यादी वाचली: दूध, विरजण, मीठ.

आम्ही तिघांनीही एकाच वेळी खिडकीतल्या कुंडीकडे पाहिले.

"अगबाई," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आपण त्याला मीठ पाजत होतो."

आमच्याकडे ताकात मीठ पिणारा घालतो, आपल्या पेल्यात. ते आधीच, कारखान्यात, कोणी घालून ठेवील हे आमच्यापैकी कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. आणि रंगाच्या नळीला आम्ल कळते, मीठ कळत नाही. मी विचारला तेवढ्याच प्रश्नाचे तिने अचूक उत्तर दिले होते. मातीत क्षार साठले की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि ओल्या कुंडीतले झाड तहानेने वाळते.

उपाय मात्र साधा होता: क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून पुष्कळ पाणी ओतून ते धुऊन काढायचे. परंतु नळाचे जड पाणी मला नको होते. बाहेर अंगणभर बर्फ पडला होता, आणि बर्फाचे पाणी पावसाच्या पाण्याइतकेच मऊ. हे बादल्या घेऊन बाहेर गेले, रस्त्याच्या कडेचा सोडून (तिथे पालिका मीठ टाकते, हे आता आम्हाला कोणी सांगायला नको होते) मागच्या अंगणातला स्वच्छ बर्फ भरून आणला. तो वितळून कोमट होईपर्यंत आम्ही थांबलो. मग कुंडी बाथटबमध्ये विटांवर ठेवली आणि सासूबाईंनी तांब्याने सावकाश पाणी घालायला सुरुवात केली. खालून आधी गढूळ, मग पिवळट, मग जवळजवळ स्वच्छ पाणी येऊ लागले.

"देवाला अभिषेक घालतेस की काय, आई?" ह्यांनी दारातून विचारले.

"गप रे. तू बर्फ आण."

त्यानंतर आम्ही काहीच केले नाही, आणि तेच सर्वांत कठीण गेले. खत नाही, ताक नाही. माती वरून वाळली की बर्फाचे थोडे पाणी. पाने गळायची थांबली. नवे काही येईना. मी काकूंना पत्र लिहिले आणि सगळे खरे लिहिले, मिठासकट. मग एका सकाळी सासूबाईंनी चष्मा लावून खोड निरखले आणि मोठ्याने हाक मारली. खोडाच्या उघड्या भागावर, पूर्वी पाने होती त्या खुणांशेजारी, मोहरीएवढे हिरवे डोळे फुटले होते. हे तोंडाला साबण लावलेले तसेच धावत आले.

वसंतात काकू परतल्या. विमानतळावरून घरी न जाता त्या थेट आमच्याकडे आल्या. बॅगा दारात ठेवून त्या कुंडीसमोर उभ्या राहिल्या. खाली काटकुळे खोड, वर पोपटी पानांचे झुबके. त्यांनी वाकून एक पान बोटांत धरून पाहिले.

"बारीक झालाय गं गोडलिंब," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आहे."

मग त्यांनी हात पुढे केला आणि काकांनी कधी कोणाला तोडू दिली नसती अशी एक कोवळी डहाळी स्वतः तोडली. ती हुंगत त्या स्वयंपाकघरात आल्या आणि सासूबाईंच्या हातात दिली.

"कढी करा," त्या म्हणाल्या. "आणि मीठ मी घालीन."

सासूबाई आधी चमकल्या आणि मग डोळे पुसेपर्यंत हसल्या. फोडणीत पाने तडतडली, घरभर तो वास पसरला. कढी बेताची खारट होती. काकूंनी दोन वाट्या घेतल्या. संध्याकाळी काकूंना घरी सोडायला निघताना ह्यांनी बॅगा आणि कुंडी आमच्या गाडीत ठेवली. थंडी नव्हती, तरी काकूंनी ओव्हरकोट मागून घेतला आणि कुंडीभोवती नीट खोचला. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी आत आले, रिकाम्या खिडकीतली माती पुसून काढली, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच मला कशाचाही रंग तपासायचा नव्हता.