काळा चौकोन

दिग्रसच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून आहे, तिथले कॅमेरे सांभाळायला एक मेकॅनिक आर्णीहून मोटरसायकलवर येतो. चहा बशीत ओततो आणि निवेपर्यंत, सगळ्या कॅमेऱ्यांच्या तारा जिथे येतात त्या स्विचच्या डब्याला कान लावून बसतो. आतल्या पंख्याच्या आवाजावरून त्याला डब्याची तब्येत कळते म्हणे.

कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र कोणत्या पडद्याला द्यायचं, याची यादी त्या स्विचमध्ये असते. "स्विच लय सरळ माणूस हाय भाऊ," तो मला सांगतो. "यादीत असलं तं देते. नसलं तं कोणाच्या बापाले देत नाही."

कामावरच्या बाया जेवायला किती वेळ लावतात हे पाहायला शेठनी त्यांच्या शेडमध्ये कॅमेरा लावायला सांगितला. यानं लावला. त्या दुपारी बायांनी भिंतीकडे तोंड करून, पदर ओढून भाकर खाल्ली. तो शिडीवरून बघत होता.

शेठच्या पडद्यावर शेडचा चौकोन काळाच राहिला.

"कायले बंद केला बे?" शेठ कडाडले.

"म्या काहीच बंद नाही केलं शेठ, आईशपथ. पाहून राह्यलो."

शपथ खरी होती. स्विचमधल्या यादीची छापील प्रत माझ्याच फायलीत आहे. गेट, वजनकाटा, गोदाम. बंद केल्याची एकही ओळ नाही. शेडचं नाव फक्त लिहिलेलं नाही.

तीन महिने झाले, तो अजून पाहूनच राह्यला आहे. जाताना शेडमध्ये डोकावून म्हणतो, "जेवा माय, आरामानं."

शेठनी ती फाइल अजून मागितलेली नाही. मागितली, तर ती मला सापडणार नाही.